बार्बाडोसमध्ये समुद्रकाठी एक निवांत दिवस: कोणता किनारा, कोणती वेळ?

अबोली

नमस्कार. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही न्यू जर्सीहून बार्बाडोसला जात आहोत. सोबत माझे आई-बाबा आहेत. ते चिपळूणहून आमच्याकडे आलेले आहेत आणि दोघांनीही सत्तरी ओलांडली आहे. बाबा वाशिष्ठीत पोहायला शिकले, त्यामुळे त्यांना पाण्याची भीती नाही. आई मात्र गुहागरला जाऊनही घोट्याच्या वर पाणी येऊ देत नाही. मुलगा नऊ वर्षांचा आहे आणि त्याला पाण्यातून बाहेर काढणे हेच मोठे काम असते. आमचा मुक्काम दक्षिण किनाऱ्यावर, वर्दिंगच्या जवळ आहे.

या सहलीतला एक पूर्ण दिवस समुद्रकाठी काढायचा आणि त्या दिवशी कोणतेही ठिकाण पाहायला जायचे नाही, असे मी ठरवले आहे. घरात यावर एकमत नाही. माझे मत असे आहे की विश्रांती उरलेल्या वेळात मिळत नाही, ती आधी राखून ठेवावी लागते. आई-बाबांच्या सगळ्या सहली देवदर्शनाच्या किंवा नातेवाइकांकडच्या लग्नकार्याच्या निमित्ताने झाल्या. नुसते बसण्यासाठी त्यांना कोणी कुठे नेलेले नाही.

तेव्हा जाणकारांनी सांगावे: पोहता न येणाऱ्या व्यक्तीला पाण्यात सुखाने बसता येईल असा किनारा कोणता, दिवसाची कोणती वेळ चांगली, सावली कुठे मिळते, आणि आई शाकाहारी असल्यामुळे तिच्या जेवणाचे काय करावे?

टोरंटोचा_वाटसरू

अबोली, तुमचा निर्णय मला अगदी योग्य वाटतो. किनारा निवडण्याआधी बेटाची रचना समजून घ्यावी, म्हणजे पुढचे निर्णय सोपे होतात. बार्बाडोस सुमारे ३४ किलोमीटर लांब आणि २३ किलोमीटर रुंद आहे आणि कॅरिबियन बेटांच्या माळेच्या बाहेर, पूर्वेला, एकटेच अटलांटिकमध्ये उभे आहे. वर्षभर वारा पूर्वेकडून वाहतो. त्यामुळे पूर्व किनाऱ्यावर अटलांटिकच्या लाटा थेट आदळतात, पश्चिम किनारा बेटाच्या आडोशाला असल्याने शांत राहतो आणि दक्षिण किनारा या दोहोंच्या मधला असतो.

पूर्वेला बाथशिबा आणि कॅटलवॉश हे किनारे आहेत. तिथले दृश्य अत्यंत भव्य आहे, पण पाण्याला जबरदस्त ओढ आहे आणि तिथे पोहणे धोक्याचे आहे. आग्नेयेला क्रेन आणि बॉटम बे हे किनारे छायाचित्रांत फार सुंदर दिसतात, मात्र तिथल्या लाटा नवख्या माणसाला पाडतात. पश्चिमेला पेन्स बे, होलटाउन, मलिन्स इथे पाणी बहुतेक वेळा स्थिर असते. ब्रिजटाउनला लागून असलेला कार्लाइल बे अर्धचंद्राकृती आहे आणि तिथेही समुद्र शांत असतो. तुम्ही वर्दिंगला उतरणार आहात ही तर फार चांगली गोष्ट आहे, कारण तिथे किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर प्रवाळाची रांग आहे आणि तिच्या आत उथळ पाणी साठून राहते. तुमच्या आईंना मुक्कामापासून चालत जाऊन त्या पाण्यात बसता येईल.

गगनबावडा

मी वेगळे मत मांडतो, राग नसावा. सत्तरी ओलांडलेली माणसे इतका दूरचा प्रवास करून पुन्हा कधी तिथे जातील? मग एक संपूर्ण दिवस एका जागी बसून का काढावा? एवढ्याशा बेटावर एका दिवसात हॅरिसन गुहेतली चुनखडीची लवणस्तंभांची दालने, सेंट निकोलस अ‍ॅबीची सतराव्या शतकातली वास्तू आणि बाथशिबाचे प्रचंड खडक हे सगळे आरामात पाहून होते. समुद्र तर त्यांना गुहागरलाही आहे. हॅरिसन गुहेत ट्रामगाडीत बसून जाता येते, त्यामुळे गुडघ्यांचाही प्रश्न येत नाही.

लगोरी

गगनबावडा, गुहागरच्या समुद्रात आई घोट्याच्या वर पाणी येऊ देत नाहीत, असे त्यांनी लिहिले आहे. त्यामुळे हा समुद्र त्यांच्यासाठी खरोखरच नवा आहे.

केवडा

माझ्या पतींच्या नोकरीमुळे आम्ही काही वर्षे ब्रिजटाउनमध्ये राहिलो, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

वेळेबद्दल विचारले आहे, तर माझे उत्तर ठाम आहे: पहाटे जावे. तिथले लोक, विशेषतः वयस्क स्त्री-पुरुष, सूर्योदयाच्या सुमारास समुद्रस्नानाला येतात. एप्रिलमध्ये पावणेसहाच्या आसपास उजाडते, पण त्याआधीच कार्लाइल बेच्या पाण्यात छातीएवढ्या खोलीवर माणसांचे घोळके उभे असतात. त्यांतले फार थोडे पोहतात. बाकीचे पाण्यात उभे राहून गप्पा मारतात, हातपाय हलवतात, एकमेकांच्या प्रकृतीची चौकशी करतात. समुद्राचे पाणी सांध्यांना चांगले असते, ही तिथल्या आजी-आजोबांची पक्की श्रद्धा आहे. नव्या माणसाने 'गुड मॉर्निंग' म्हणणे तिथे आवश्यक मानले जाते. बसमध्ये चढताना, दुकानात शिरताना आणि पाण्यात उतरतानासुद्धा. तुमच्या आईंना कोणीतरी हात देऊन आत बोलावले तर त्यांनी अवघडून जाऊ नये. मी पाण्याला घाबरत असताना अशाच एका शेजारीण आजींनी मला रोज थोडे पुढे नेले आणि 'पाय टेकलेले आहेत ना, मग घाबरायचे कशाला' असे समजावले.

आणखी एक गोष्ट तुमच्या मुलासाठी. गॅरिसन सव्हाना हे ब्रिजटाउनचे घोडदौडीचे मैदान कार्लाइल बेच्या अगदी जवळ आहे. तिथल्या शर्यतीच्या घोड्यांना सकाळी लवकर पेबल्स किनाऱ्यावर आणून समुद्रात पोहायला लावतात. त्यांचे खिदमतगार सोबत पाण्यात उतरतात, घोड्याचे डोके आणि मान तेवढी वर दिसते आणि तो जोरजोराने फुरफुरत पुढे जातो. हे दृश्य पाहायला तिकीट लागत नाही आणि उन्हाच्या आधी सारे आटोपते. त्यांच्या वाटेतून मात्र बाजूला उभे राहावे.

साडेनवानंतर, बंदरात क्रूझ जहाज लागलेले असेल तर, कार्लाइल बेवर गर्दी होते. खुर्च्या भाड्याने देणारे, जेट-स्की चालवणारे आणि मोठ्या आवाजातले संगीत हे सगळे तेव्हा सुरू होते. निवांतपणासाठी आलेल्यांनी त्याआधी निघावे.

अबोली

केवडाताई, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. घोड्यांचे वर्णन तिने दोनदा वाचायला लावले. तिचा एक प्रश्न आहे आणि तो विचारायला तिला संकोच वाटतो, म्हणून मी विचारते. तिला पोहण्याचा पोशाख घालायचा नाही. सलवार-कमीज घालून पाण्यात गेले तर लोक पाहत राहतील का, आणि ते सुरक्षित आहे का?

खारा_वारा

काकूंना सांगावे की लोक अजिबात पाहत राहत नाहीत. त्या बेटावर सुती टी-शर्ट आणि गुडघ्यापर्यंतची विजार घालून समुद्रात उतरणाऱ्या आजीबाई भरपूर दिसतात. सुरक्षेचा विचार केला तर सैल सलवार आणि ओढणी पाण्यात जड होते आणि पायांत अडकते, त्यामुळे ती टाळावी. पूर्ण बाह्यांचा, अंगाला बेताचा बसणारा पोहण्याचा सदरा आणि घोट्यापर्यंतची तशीच विजार मिळते. ती लवकर वाळते आणि उन्हापासूनही जपते. माझ्या सासूबाईंनी तोच वेष घातला आणि त्यावर त्यांना फार मोकळे वाटले.

एक नियमही लक्षात ठेवावा. बार्बाडोसमध्ये लष्करी नक्षीचे, म्हणजे हिरव्या-तपकिरी ठिपक्यांचे कपडे सामान्य नागरिकांना आणि लहान मुलांनाही घालायला कायद्याने मनाई आहे. मुलाची टोपी किंवा पाठपिशवी तशी असेल तर ती घरीच ठेवावी.

पुळणवाट

मी रत्नागिरीचा आहे आणि भरती-ओहोटीचे कोष्टक पाहिल्याशिवाय पुळणीवर पाऊल ठेवत नाही. तिकडे ओहोटीला पाणी किती आत जाते? उथळ पाण्यात बसण्याचा बेत करायचा असेल तर हे कळायलाच हवे. शिवाय मला नेहमी प्रश्न पडतो की तिथले पाणी इतके नितळ आणि वाळू इतकी पांढरी का असते. आपल्याकडे काही ठिकाणी वाळू पांढुरकी असते, पण पाणी तसे दिसत नाही.

भूस्तर

पुळणवाट, दोन्ही प्रश्न उत्तम आहेत.

बार्बाडोसला भरती आणि ओहोटीच्या पातळीतला फरक एक मीटरपेक्षाही कमी असतो. मुंबईला मोठ्या उधाणाच्या दिवशी तो पाच मीटरच्या जवळ जातो. त्यामुळे तिथे समुद्र दूर निघून गेला आणि मागे चिखल उरला, असे होत नाही आणि पाणी झपाट्याने अंगावरही येत नाही. वर्दिंगच्या उथळ भागात मात्र या थोड्या फरकानेही बदल होतो: ओहोटीला पाणी फारच कमी उरते. आईंसाठी ते सोयीचे आहे, बाबांना पोहायचे असेल तर भरतीची वेळ पाहावी.

नितळपणाचे कारण बेटाच्या खडकात आहे. शेजारची सेंट लुशिया आणि सेंट व्हिन्सेंट ही बेटे ज्वालामुखीची आहेत, म्हणून तिथे काळसर वाळूचे किनारे आढळतात. बार्बाडोसची गोष्ट निराळी आहे. समुद्रतळावरचा गाळ भूपट्टांच्या रेट्याने वर उचलला गेला आणि त्यावर प्रवाळाचे थर चढत गेले. आज बेटाचा सुमारे ८५ टक्के भाग प्रवाळी चुनखडकाने झाकलेला आहे. पाऊस त्या सच्छिद्र खडकात मुरतो, त्यामुळे मोठ्या नद्या तयार होत नाहीत, आणि नद्या नाहीत म्हणून गाळही समुद्रात जात नाही. कोकणात याच्या उलट घडते. सह्याद्रीवरून उतरणाऱ्या नद्या पावसाळ्यात लाल माती थेट खाडीत आणून सोडतात. पांढरी वाळू म्हणजे प्रवाळ, शिंपले आणि चुनेदार शेवाळ यांचा चुरा आहे. पॅरटफिश नावाचा मासा चोचीसारख्या दातांनी प्रवाळावरचे शेवाळ खरवडताना खडकही गिळतो आणि त्याची बारीक पूड बाहेर टाकतो. त्या वाळूत त्याचाही वाटा आहे. फिकट रंगामुळे ती वाळू दुपारीही कमी तापते.

मी प्रवाळावर चालू नये असे आवर्जून सांगेन. तो जिवंत असतो, पायाखाली मोडतो, आणि त्याच्या कपारींत लांब काळ्या काट्यांचे समुद्री साळिंदर, म्हणजे सी-अर्चिन, बसलेले असतात.

तळेगावकर

एप्रिलमध्ये जाणार आहात म्हणून सारगॅसमचा विचार आधीच करावा. हे तपकिरी, तरंगते समुद्री शेवाळ आहे. २०११ पासून ते मध्य अटलांटिकमधून प्रचंड प्रमाणात कॅरिबियनकडे येऊ लागले आहे आणि साधारण मार्चपासून ऑगस्टपर्यंत त्याचा जोर असतो. खोल समुद्रात ते मासळीच्या पिलांना आसरा देते, पण किनाऱ्यावर ढीग साचून कुजले की हायड्रोजन सल्फाइडचा, नासक्या अंड्यासारखा वास येतो. दमा असलेल्या माणसाला त्याचा त्रास होतो. २०१८ साली पूर्व आणि दक्षिण किनाऱ्यांवर त्याने फार हाल केले होते.

वारा पूर्वेचा असल्यामुळे पश्चिम किनारा बहुधा यातून वाचतो. म्हणून माझा सल्ला असा आहे की किनारा आधी नक्की करूच नये. त्या दिवशी सकाळी मुक्कामाच्या यजमानांना विचारावे आणि वर्दिंगला शेवाळ आले असेल तर सरळ पश्चिमेला, पेन्स बेच्या बाजूला जावे.

अबोली

तळेगावकर, बाबांना दम्याचा थोडा त्रास आहे, त्यामुळे ही माहिती आमच्यासाठी फार मोलाची आहे. मनापासून आभार.

डॉ_निवडुंग

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे, म्हणून दोन इशारे देतो.

पहिला इशारा मँचिनील या झाडाबद्दल आहे. ते बार्बाडोसच्या किनाऱ्यांवर, विशेषतः पश्चिमेला, वाळूलगतच वाढते. त्याची सावली दाट असते आणि खाली छोट्या हिरव्या सफरचंदासारखी फळे पडलेली दिसतात. त्या झाडाचा दुधाळ चीक त्वचेवर फोड आणतो आणि डोळ्यांत गेला तर तात्पुरते अंधत्व येऊ शकते. फळ चाखणे तर अत्यंत घातक आहे. पावसात त्याच्याखाली उभे राहिले तरी पानांवरून गळणाऱ्या पाण्याने त्वचा भाजते. बऱ्याच झाडांच्या बुंध्यावर लाल पट्टा रंगवलेला असतो, पण प्रत्येक झाडावर तो असेलच असे धरून चालू नये. मुलाला हे आधीच नीट समजावून सांगावे आणि खाली पडलेले कोणतेही फळ उचलू देऊ नये.

दुसरा इशारा उन्हाचा आहे. बार्बाडोस सुमारे १३ अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि एप्रिलच्या चौथ्या आठवड्यात सूर्य तिथे माध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो. तुम्ही जाल तेव्हाही तो जवळजवळ तिथेच असेल. माडाची सावली अशा वेळी बुंध्याभोवती गोळा होते आणि उपयोगी पडत नाही. शिवाय सतत वाहणाऱ्या वाऱ्यामुळे ऊन लागत असल्याचे जाणवत नाही; चिपळूणचा उन्हाळा सोसलेली माणसे याच कारणाने गाफील राहतात. दहा ते तीन या वेळात उघड्या वाळूवर बसू नये. पाणी आणि शहाळे वरचेवर घ्यावे. आई-बाबांपैकी कोणी रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेत असेल तर निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांशी बोलून घ्यावे.

सुरूचे_बन

सावलीचा प्रश्न आला म्हणून सुचवतो. दक्षिण किनाऱ्यावरच्या ऑइस्टिन्स या मासेमारीच्या गावापुढे एंटरप्राइझ नावाचा किनारा आहे, त्याला सगळे मायामी बीच म्हणतात. तिथे सुरूची उंच झाडे आहेत, त्यांच्याखाली बाके आहेत आणि एका बाजूला पाणी तलावासारखे संथ असते. दुसऱ्या बाजूला लाटा येतात, ती बाजू तुमच्या मुलासाठी. रविवारी स्थानिक कुटुंबे डबे, शीतपेट्या, पत्ते आणि डॉमिनो घेऊन दिवसभरासाठी येतात. आपल्या लोकांनाही सुरूखाली सतरंजी अंथरून बसण्याची सवय आहे, त्यामुळे आई-बाबांना तिथे लगेच आपलेसे वाटेल.

बार्बाडोसमध्ये राष्ट्रीय संवर्धन आयोगाचे जीवरक्षक मोठ्या सार्वजनिक किनाऱ्यांवर असतात. त्यांच्या मनोऱ्यासमोरच पाण्यात उतरावे आणि लाल निशाण दिसले तर पोहणाऱ्यानेही आत जाऊ नये.

क्रीझबाहेर

धाग्याचा विषय समुद्रकिनारा आहे याची जाणीव ठेवून थोडे क्रिकेटबद्दल लिहितो, कारण बार्बाडोस म्हटल्यावर मराठी माणसाला केन्सिंग्टन ओव्हल आठवल्याशिवाय राहत नाही. अजित वाडेकरांच्या संघाने १९७१ साली वेस्ट इंडीजमध्ये मालिका जिंकली, त्या दौऱ्यातल्या इथल्या कसोटीत मडगावच्या दिलीप सरदेसाईंनी १५० धावा केल्या आणि सुनील गावसकर ११७ धावांवर नाबाद राहिले. त्याआधी १९६२ मध्ये याच बेटावर नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्याला चेंडू लागला, तेव्हा प्रतिस्पर्धी कर्णधार फ्रँक वॉरेल यांनी त्यांच्यासाठी रक्त दिले. बाबा त्या पिढीचे आहेत. मैदान समुद्रापासून जवळ आहे, त्यांना निदान बाहेरून दाखवावे.

२९ जून २०२४ रोजी टी-ट्वेंटी विश्वचषकाचा अंतिम सामना पाहायला मी तिथे होतो. भारत सात धावांनी जिंकला आणि दुसऱ्याच दिवशी बेरिल चक्रीवादळाची तयारी सुरू झाली. आदल्या रात्री आमच्यासोबत आनंदाने ओरडणारे लोक आता खिडक्यांना फळ्या ठोकत होते आणि मच्छीमार बोटी सुरक्षित जागी हलवत होते. वादळ १ जुलैला बेटाच्या दक्षिणेकडून गेले, पण उधाणाच्या लाटांनी अनेक मासेमारी बोटी फोडल्या. आपण ज्यांच्याकडून मासे घेऊन खातो त्यांच्या चरितार्थाचे ते साधन होते, म्हणून तेव्हापासून मी तिथे गेलो की मोठ्या हॉटेलाऐवजी ऑइस्टिन्सच्या टपऱ्यांवर जेवतो. एप्रिल हा कोरड्या ऋतूतला महिना आहे, त्यामुळे तुम्हाला वादळाची काळजी नाही.

मीनमेख

जेवणाबद्दल अजून कोणी लिहिले नाही म्हणून लिहिते. मासे खाणाऱ्यांसाठी बार्बाडोस स्वर्ग आहे. उडणारे मासे आणि कूकू हे तिथले राष्ट्रीय जेवण. कूकू मक्याच्या पिठात भेंडी घालून, लाकडी पळीने घोटून करतात. सोबत मासा मसालेदार रश्श्यात वाफवलेला असतो. किनाऱ्यावर हातात धरून खायला सोयीचे म्हणजे मिठाच्या पावात मासा घालून दिलेले कटर. शुक्रवारी रात्री ऑइस्टिन्सला मासळीची मोठी जत्रा भरते, पण निवांत दिवसासाठी शुक्रवार टाळावा.

काकूंसाठी पर्याय आहेत, फक्त प्रत्येक ठिकाणी विचारून घ्यावे. तिथल्या भाताबरोबरच्या 'पीज' म्हणजे बहुधा आपली तूरच असते, पण त्यात चवीसाठी खारवलेले डुकराचे मांस घालण्याची पद्धत आहे. मॅकरोनी पाय चालेल. भाजलेला नीरफणस मिळाला तर अवश्य घ्यावा. त्रिनिदादी पद्धतीच्या रोटीच्या दुकानांत बटाटा-चण्याची रोटी मिळते. भारतातून ऊसमळ्यांवर गेलेल्या मजुरांच्या वंशजांनी ती घडवली आहे आणि काकूंना तिची चव नक्की ओळखीची वाटेल. किनाऱ्याकडे निघताना चार रोट्या बांधून घेतल्या की दुपारची चिंता मिटते. शहाळेवाले रस्त्याच्या कडेला असतातच.

गगनबावडा

सर्व प्रतिसाद वाचले. पहाटेच्या समुद्रस्नानाबद्दल मला माहिती नव्हती आणि त्यासाठी एक सकाळ नक्कीच द्यावी, हे मला पटले. तरीही बाथशिबाला त्यांनी जावे यावर मी ठाम आहे. पोहण्यासाठी नव्हे, तर अटलांटिकच्या लाटा पाहण्यासाठी. तिथे ओहोटीच्या वेळी खडकांच्या आड उथळ डोह तयार होतात आणि लोक त्यांत बसतात. तेही बसणेच आहे!

टोरंटोचा_वाटसरू

गगनबावडा, बाथशिबा मलाही अतिशय प्रिय आहे आणि दुसऱ्या एखाद्या दिवशी त्यांनी तिथे जावेच. पण त्या डोहांपर्यंत जाताना खडकांवर शेवाळ असते, पाय घसरतो आणि एखादी मोठी लाट डोहातही शिरते. सत्तरीतल्या, पाण्याची सवय नसलेल्या व्यक्तीला मी तिथे उतरवणार नाही. किनाऱ्यावरच्या बाकावर बसून लाटा पाहाव्यात.

वेळणेश्वर

कासवांबद्दल लिहितो. हॉक्सबिल कासवे बार्बाडोसच्या पश्चिम आणि दक्षिण किनाऱ्यांवर मोठ्या संख्येने अंडी घालतात, पण त्यांचा मुख्य हंगाम मे महिन्यानंतर सुरू होतो. कार्लाइल बे आणि पेन्स बेच्या पाण्यात मात्र हिरवी कासवे बाराही महिने चरताना दिसतात. पर्यटकांना ती जवळून दिसावीत म्हणून काही नावाडी त्यांना मासे खायला घालतात. माझी विनंती आहे की अशा फेरीला जाऊ नये. हिरवे कासव मोठे झाल्यावर मुख्यतः समुद्रगवत खाते. फुकटच्या माशांची सवय लागली की ते माणसांच्या आणि बोटींच्या जवळ येऊ लागते आणि पंख्याच्या पात्यांनी जखमी होते. शांतपणे तरंगत राहिले, हात लावला नाही, तर ते आपण होऊन श्वास घ्यायला वर येते. वेळासला कासवांसाठी गावाने जे केले ते आम्ही जवळून पाहिले आहे, म्हणून हे कळकळीने लिहावेसे वाटले.

दुपारझोप

एक शंका आहे. पश्चिम किनाऱ्यावर सगळी महागडी हॉटेले आहेत असे ऐकले. बाहेरच्या माणसांना तिथे वाळूवर बसू देतात का?

केवडा

दुपारझोप, बार्बाडोसमधले सगळे किनारे सार्वजनिक आहेत. खुर्च्या आणि छत्र्या हॉटेलच्या असतात, वाळू आणि पाणी कोणाच्याही मालकीचे नसते. अडचण तिथपर्यंत पोहोचण्याची आहे, कारण पश्चिमेला रस्ता आणि समुद्र यांच्यामध्ये इमारतींची सलग रांग उभी राहिली आहे. मधल्या सार्वजनिक वाटा अरुंद असतात आणि शोधाव्या लागतात. स्थानिक लोकांना हा प्रश्न फार जिव्हाळ्याचा वाटतो आणि तो वाटायलाच हवा. ज्या बेटावर त्यांच्या पूर्वजांना गुलाम म्हणून आणून उसाच्या मळ्यांत राबवले गेले, तिथला समुद्र तरी त्यांना निर्वेधपणे मिळाला पाहिजे. आपण पाहुणे म्हणून त्या वाटांचा वापर केला, तर त्या वाटा वापरात राहायलाही मदत होते.

अबोली

सर्वांचे मनापासून आभार. आता बेत असा ठरला आहे. पहाटे साडेपाचला कार्लाइल बे, आई-बाबांसाठी समुद्रस्नान आणि मुलासाठी घोडे. नऊच्या आत परत येऊन अंघोळ, नाश्ता आणि दुपारी खोलीत झोप. साडेतीननंतर शेवाळ नसेल तर मायामी बीचवर सुरूखाली, असेल तर पेन्स बेला. बरोबर बटाटा-चण्याची रोटी आणि घरचे लाडू. बाथशिबा दुसऱ्या दिवशी, बाकावर बसून. केन्सिंग्टन ओव्हलचे नाव काढताच बाबांनी सरदेसाईंच्या त्या खेळीबद्दल रेडिओवर काय ऐकले होते ते सांगायला सुरुवात केली, त्यामुळे तेही ठरले आहे. गाडी भाड्याने घ्यायची नाही, असा विचार आहे. बसने हे जमेल का?

केवडा

सहज जमेल. बसचे भाडे अंतर कितीही असले तरी साडेतीन बार्बाडोस डॉलर असते आणि दोन बार्बाडोस डॉलर म्हणजे एक अमेरिकी डॉलर. निळ्या सरकारी बसमध्ये सुटे परत मिळत नाहीत, म्हणून नाणी जवळ ठेवावीत. थांब्यांवर 'टू सिटी' आणि 'आउट ऑफ सिटी' असे लिहिलेले असते: वर्दिंगहून कार्लाइल बेला जाताना 'टू सिटी'चा थांबा, मायामी बीचकडे जाताना 'आउट ऑफ सिटी'चा. पांढऱ्या रंगाच्या, लाल पट्ट्याच्या लहान व्हॅनही याच मार्गावर धावतात, पण त्यांत दाटीवाटी आणि मोठे संगीत असते. आई-बाबांबरोबर निळी बसच बरी. पहाटेच्या फेरीसाठी मात्र आदल्या रात्रीच टॅक्सी सांगून ठेवावी आणि भाडे आधी ठरवावे, कारण तिथल्या टॅक्सींना मीटर नसतो.

बेतात एकच बदल सुचवते. पेन्स बेला जावे लागले तर सूर्यास्तापर्यंत थांबावे, तिथून तो थेट समुद्रात उतरताना दिसतो. मात्र सव्वासहाच्या आतच सूर्य मावळतो आणि उष्ण कटिबंधात संधिप्रकाश फार टिकत नाही, म्हणून परतीची टॅक्सी सहालाच रस्त्यावर येऊन थांबेल असे सांगून ठेवावे.